घरपट्टीतल्या सवलतीसाठी सोलर बसवावं का?

प्रश्न: पुण्यात आमची ४० फ्लॅटची सोसायटी आहे. कॉमन मीटरसाठी गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर बसवायचं चाललंय, प्रत्येकी १८,५०० रुपये वर्गणी. घरपट्टीत सवलत मिळते, त्यातून पैसे वसूल होतील, असं सेक्रेटरी म्हणतात. कॉमन मीटरचा वापर महिना २,२०० युनिट आहे आणि युनिटमागे बदलता खर्च सुमारे १० रुपये पडतो. माझी घरपट्टी १८,००० आहे आणि फ्लॅट दोन वर्षांत विकायचा विचार आहे. होकार द्यावा का?

उत्तर: सोलरला होकार द्या, पण वर्गणीला नको. आणि घरपट्टीचा मुद्दा हिशोबातून जवळजवळ काढूनच टाका.

पुणे महापालिका सौर, गांडूळखत किंवा पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देते. बिलातल्या सरकारी करांवर ती मिळत नाही. तरी तुमच्या पूर्ण १८,००० वर ५ टक्के धरले तरी वर्षाला ९०० रुपये होतात, म्हणजे १८,५०० वसूल व्हायला २० वर्षांच्या वर. शिवाय सवलत प्रकल्प आहे की नाही यावर मिळते, किती कार्बन वाचला यावर नाही. त्यामुळे काही ठिकाणी नावापुरतं काहीतरी बसवलं जातं आणि पुढे ते बंद पडतं. बंद प्रकल्प सापडले की महापालिका सवलत काढूनही घेते. पुनर्भरणाचा खड्डा तुमच्याकडे आधीच असेल तर गाळ काढून तो चालू करा. सोलर धरून दोन प्रकल्प होतील, आणि तो खर्च फारसा नाही.

खरा पैसा वीजबिलात आहे. पुण्यात १ किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,३५० युनिट धरा. २० किलोवॅटचे २७,००० होतात, तुमचा वापर २६,४००. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटना किरकोळ दर मिळतो, म्हणून वापरापेक्षा जास्त बसवण्यात अर्थ नाही. १८ किलोवॅट पुरे: २४,३०० युनिट, म्हणजे वर्षाला २,४३,००० रुपये. धुलाई-देखभालीचे ३०,००० वजा केले तर २,१३,०००. स्थिर आकार, म्हणजे किती युनिट वापरले यावर न ठरणारी रक्कम, बिलात राहणारच. सेक्रेटरींनी तो वाचतो असं धरलं असेल तर त्यांचा आकडा फुगलेला आहे. मंजूर भार (वीज कंपनीनं तुमच्या मीटरला मंजूर केलेली क्षमता) १८ किलोवॅटपेक्षा कमी असेल तर आधी तो वाढवून घ्यावा लागेल, हे बिलावर पाहून घ्या.

आता वर्गणी. १८,५०० कुठून आले ते उलटं मोजलं: किलोवॅटला ५५,००० प्रमाणे ११ लाख, त्यातून केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं किलोवॅटमागे १८,००० प्रमाणे ३,६०,००० अनुदान वजा, भागिले ४०. इथेच घोळ आहे. अनुदान आधी मिळत नाही. प्रकल्प उभा राहून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं) बसून, तपासणी झाल्यावर येतं. ठेकेदाराला मात्र पूर्ण रक्कम द्यावी लागते. म्हणजे सुरुवातीला प्रत्येकी २७,५०० लागतील, आणि मधल्या महिन्यांत पैसे कमी पडले की सिंकिंग फंडाकडे (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीकडे) नजर जाते. ते होऊ देऊ नका.

त्याऐवजी सोसायटीनं सहकारी बँकेकडून कर्ज घ्यावं. १८ किलोवॅटचे ९,९०,०००. अनुदानाचे ३,२४,००० आले की लगेच भरून टाकायचे. उरलेल्या ६,६६,००० ला १० टक्के दरानं ४ वर्षांचा हप्ता साधारण १६,९०० बसतो आणि बिलातली निव्वळ बचत महिना १७,७५० आहे. हप्ता बचतीतूनच जातो. दोन वर्षांनी तुम्ही फ्लॅट विकलात तर खिशातून काही गेलेलं नसेल. वर्गणी भरली असती तर १८ किलोवॅटच्या हिशोबानंही अनुदानानंतर तुमच्या वाट्याचे १६,६५० लागले असते, दोन वर्षांत १०,६५० परत आले असते, आणि उरलेले सहा हजार घेणारा माणूस किमतीत धरत नाही. दर महिन्याची बचत सारखी नसते, जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन घसरतं. म्हणून दोन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवूनच सुरुवात करा.

ठरावात चार गोष्टी लिहून घ्या. पॅनेल देशी बनावटीची आणि ठेकेदार सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला, नाहीतर अनुदान अडकतं. स्लॅबला ड्रिल न करता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर. वॉटरप्रूफिंग चार-पाच वर्षांत करायचंच असेल तर ते आधी, कारण नंतर ३४ पॅनेल काढून परत लावण्याचा खर्च वेगळा. आणि सावलीची पाहणी डिसेंबरचा सूर्य धरून. लिफ्टच्या खोलीची किंवा टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन खाली येऊ शकतं, आणि कागदावरचे २४,३०० युनिट मग मीटरवर दिसत नाहीत.

घरपट्टीतच पैसे वाचवायचे असतील तर आणखी एक पाहा: स्वतः राहत असलात तर ४० टक्क्यांची सवलत तुमच्या बिलात लागलीय का? नसेल तर पीटी-३ अर्ज भरा. त्यात सोलरच्या ५ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त मिळेल, आणि गच्चीवर चढावंही लागणार नाही.