आमच्या संस्थेची मराठी वेबसाइट गूगलवर सापडतच नाही, काय करावं?

आधी एक करून बघा. पानावरचा मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठीऐवजी भलतीच चिन्हं उमटली, तर तो जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. गूगलला त्यात मराठी दिसतच नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्या. मजकूर निवडताच येत नसेल तर तो बहुधा स्कॅन केलेला फोटो आहे, आणि स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या अंध माणसासाठी ते पान कोरंच. तो पुन्हा टाइप करा, कंटाळा आला तरी.

मग शब्द. शेतकरी ‘सातबारा’ शोधतो, ‘अधिकार अभिलेख’ नाही. लोकांचा शब्द शीर्षकात, सरकारी नाव त्याखाली. ‘मुख्यपृष्ठ’ एवढ्याच शीर्षकाऐवजी ‘विधवा पेन्शन: लागणारी कागदपत्रं’ लिहा.