तेहतिसाव्या वर्षी मानवी हक्कांत पीएच.डी.?

एलएलएम म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली, नोकरीत रुळलेली माणसं पीएच.डी.चा विषय काढतात तेव्हा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: उशीर झाला का, आणि यातून पोट भरेल का? विषय मानवी हक्कांचा असला की घरच्यांची धाकधूक आणखी वाढते. ऐरोलीच्या एका कंपनीत कंत्राटं तपासणारी तेहतीस वर्षांची मुलगी नवऱ्यासह ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे सल्ल्यासाठी आली, तेव्हा बसता बसताच तो म्हणाला, "मॅडम, मला तिला अडवायचं नाहीये. पण फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो."

बोलणं रास्त होतं, म्हणून आधी पैशांचं बघितलं. तिशी उलटली म्हणजे फेलोशिप गेलीच, अशी तिची समजूत. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपला, वयाची अट ३० आहे खरी, पण स्त्रियांना पाच वर्षांची सूट मिळते. मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. मात्र पगार सोडावा लागतो. नोकरी टिकवायची तर अर्धवेळ पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत ती चालते. किमान तीन वर्षं, कमाल सहा. वर दोन वर्षांची मुदतवाढ आणि स्त्रियांना आणखी दोन. नुसतं सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर जुलै २०२३ पासून नेट-सेट या पात्रता परीक्षांवर भागतं, पीएच.डी. लागत नाही, हेही मी सांगून टाकलं. नावापुढे 'डॉ.' हवं असलेले बरेच जण इथेच गळतात. ही गळली नाही.

"विषय काय घेणार?"

"भारतातील मानवी हक्क: कायदा आणि नीतिमत्ता."

यात दहा प्रबंध मावतील. मी म्हटलं, "हे राहू दे. ऑफिसात कुठला कागद वाचताना अडखळतेस?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, हाउसकीपिंगच्या कंत्राटातलं एक कलम. कामगाराला इजा झाली, मृत्यू झाला, तर सगळी जबाबदारी कंत्राटदाराची. काम देणाऱ्याचा संबंध नाही. सोसायटी असो वा कारखाना, थोड्याफार फरकाने तीच भाषा. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला जातो तेव्हाही याच कलमाकडे बोट दाखवतात. "आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा तर म्हणतो की असं धोक्याचं काम थेट किंवा आडमार्गानेही कुणाकडून करून घ्यायचं नाही. मग हे कलम टिकतं कसं, मॅडम?"

एवढं बोलताना ती खुर्चीत पुढे सरकली होती. नवरा तिच्याकडे बघतच राहिला; घरी हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, हाच तुझा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूसाठी २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. पण ती कोणी भरायची, यावरून कंत्राटदार आणि काम देणारा एकमेकांकडे बघत बसले तर? संयुक्त राष्ट्रांची उद्योग आणि मानवी हक्कांवरची २०११ ची तत्त्वं उद्योगाला त्याच्या व्यावसायिक संबंधांतून होणाऱ्या हानीकडेही बघायला सांगतात. ती तत्त्वं आणि आपल्याकडचं हे कलम शेजारी शेजारी ठेवलं की कामाला सुरुवात झाली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. कंपनीतलं एकही कंत्राट प्रबंधात येता कामा नये. ते विश्वासाने हाती आलेले कागद. नमुने महापालिकांच्या जाहीर निविदांतून घ्यायचे. आणि संशोधनासाठी मृतांच्या घरी जाशील तेव्हा मुलाखतीने भरपाई मिळणार नाही, हे पहिल्या वाक्यात सांगायचं. नीतिमत्तेचं प्रकरण लिहिण्याआधी ती पाळावी लागते, असं माझं जुनं मत आहे.

मार्गदर्शकाचं गणित वेगळंच. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार विद्यार्थी. विषय आवडूनही जागा नाही म्हणून वर्ष जातं, तेव्हा एकाच नावावर विसंबू नकोस म्हटलं.

तिने अर्धवेळचा रस्ता धरला. कंपनीने त्यासाठी लागणारं ना-हरकत पत्र (एनओसी) द्यायची तयारी दाखवली, पण दोन ओळींची. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.च्या नेमलेल्या अभ्यासक्रमासाठी, मोकळं केलं जाईल, हे त्यात लेखी यावं लागतं. तो मसुदा तिने स्वतःच करून एचआरकडे दिला आहे. कंत्राटं तपासणारीच ती, पळवाट ठेवलेली नसणार.