गाठ दुखत नाही, म्हणून थांबावे का?

प्रश्न : माझे वय ४४ आहे. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी सांगितली आहे; परंतु सुई लावली की गाठ पसरते, असे सासूबाई म्हणतात. द्राक्षबागेची फळछाटणी उरकेपर्यंत थांबले तर चालेल का? घरातील जावांनीही तपासून घ्यावे का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : छाटणीसाठी थांबू नये. स्तनातील बहुतेक गाठी साध्या असतात, हे खरे. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, त्यामुळे न दुखण्यावरून काहीच ठरत नाही. दुखली असती, तर आपणही दोन महिने काढले नसते.

सासूबाईंची भीती आमच्या नेहमीच्या ऐकण्यातली आहे. पूर्वी रुग्ण फार उशिरा येत, रोग आधीच पसरलेला असे, आणि तो सुईनंतर उघडकीस आल्याने दोष सुईवर जाई. प्रत्यक्षात, जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे दोऱ्यासारखे बारीक तुकडे काढतात आणि त्यावरून गाठ कोणती, कर्करोग असल्यास तो हार्मोनवरील किंवा हर-टूवरील (कर्करोगाच्या पेशींवरील एका प्रथिनावरील) औषधांना दाद देणारा आहे का, आधी शस्त्रक्रिया करावी की केमोथेरपी, हे ठरते. सुईमुळे रुग्णाचे आयुष्य घटत नाही. निदानाआधीच गाठ कापून टाकली, तर मात्र पुढचे उपचार अवघड होऊ शकतात. आणखी एक : मॅमोग्राफी स्वच्छ आली, तरी हाताला लागणाऱ्या गाठीची तपासणी अर्धवट सोडू नये.

जावांना काही त्रास नसला, तरी ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी करण्याची तरतूद सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. त्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे. ही तपासणी साधी वाटते, पण टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या २० वर्षांच्या अभ्यासात, प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी अशी तपासणी केल्यावर पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या आठवड्यातच मिरजेला जावे, आणि शक्य असल्यास सासूबाईंनाही सोबत न्यावे. पन्नाशी ओलांडल्यामुळे तपासणीची गरज त्यांनाही आहेच.