दीड वर्षाच्या बाळाला सकाळपासून उलट्या होताहेत, घरी काय करता येईल?

उलटी झाली की आपण घाबरून लगेच वाटीभर पाणी पाजतो आणि तेही बाहेर येतं. माझ्या लेकीच्या वेळी मी हेच केलं होतं. उलटीनंतर दहा मिनिटं पोटाला काही देऊ नका. मग ओआरएस (मेडिकलमध्ये मिळणारी, पाण्यात विरघळवायची क्षार-साखरेची पावडर) सुरू करा, पण एका वेळी फक्त एक छोटा चमचा, दर दोन-तीन मिनिटांनी. मूल तहानेने वाटी ओढतं, रडतं, तरी चमचाच. हे कंटाळवाणं काम तास-दोन तास नेटाने केलंत की बहुतेक वेळा पाणी पोटात टिकायला लागतं.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घाला. अर्धं पाकीट अंदाजाने नको. चोवीस तासांनी उरलेलं फेका. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. अंगावरचं दूध चालू ठेवा. भूक लागली की मऊ भात, पेज, केळं.

कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस नको. उलटीचं औषध मनाने तर मुळीच देऊ नका. झोपवताना कुशीवर.

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, सहा-आठ तास शू झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी नसेल, मूल मलूल पडलं असेल, पोट फुगलं असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्या असतील, तर घरगुती काही करत बसू नका, ताबडतोब डॉक्टरकडे न्या.