वाचकांचे प्रश्न : रानडुक्कर पाळता येते का?

रब्बीच्या तोंडावर आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत रानडुकरांच्या तक्रारी नेहमीच्याच असतात. या वेळी मात्र काही वाचकांनी ती पाळण्याविषयी विचारले आहे. विषय कायद्याचा आहे आणि अज्ञानामुळे माणसे त्यात अडकू शकतात, म्हणून एरवीपेक्षा सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न : काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग असून शेजारच्या वावरात तूर आहे. धुऱ्यावरचे गवत कापताना मजुरांना रानडुकराची दोन पट्टेदार पिल्ले सापडली. मादी माणसांना पाहून पळाली, तेव्हा मजुरांनी पिल्ले घरी आणली. घरातील मुले त्यांना बाटलीने गाईचे दूध पाजतात आणि ती चांगलीच माणसाळली आहेत. त्यांना पाळायचे असल्यास परवाना कुठे मिळतो?
(एक बागायतदार, काटोल)

उत्तर : असा परवाना कुठेही मिळत नाही, कारण खासगी व्यक्तीला रानडुक्कर पाळण्याची परवानगी देणारी तरतूदच कायद्यात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या जुन्या रचनेत रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीत होते. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम 9 नुसार या अनुसूचीतील प्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे, आणि या कायद्यापुरते शिकारीत जिवंत पकडणे, सापळा किंवा फास लावणे आणि आमिष दाखवणे हेही मोडते. आपल्या मजुरांचा हेतू दयेचा होता हे आम्ही मान्य करतो. तथापि पिल्ले उचलून घरी ठेवणे हे याच कलमाच्या कक्षेत येऊ शकते. अशा गुन्ह्यासाठी 3 वर्षांपर्यंत कारावास, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता आपण काय करावे, हे अधिक महत्त्वाचे आहे. कलम 39 नुसार अशा रीतीने ताब्यात आलेला वन्यप्राणी शासनाची मालमत्ता असतो आणि ज्याच्या ताब्यात तो येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याकडे तशी खबर देणे बंधनकारक असते. आपल्या बाबतीत ही मुदत उलटून गेली आहे, म्हणून हे उत्तर वाचताच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर संपर्क साधावा किंवा आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे स्वतः जावे आणि घडले तसे सांगावे. उशीर झाला म्हणून पिल्ले रात्री गुपचूप जंगलात नेऊन सोडण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो मानू नये, कारण आईविना ती फार काळ तग धरणार नाहीत. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे आणि गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे. पिल्लांना कुठे न्यायचे ते वनविभाग ठरवील.

गाईच्या दुधाविषयीही सांगणे आवश्यक आहे. डुकरिणीच्या दुधात स्निग्धांश साधारणपणे 7 ते 8 टक्के असतो, तर गाईच्या दुधात तो त्याच्या निम्माच असतो. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लांची वाढ खुंटते, आणि बाटली व बूच रोज उकळले नाही तर हगवण लागते. हगवण लागलेले इतके लहान पिल्लू पाण्याअभावी फार झपाट्याने खंगते. वनविभागाची माणसे येईपर्यंत पिल्लांना कोरड्या गवतावर, उबदार आणि शांत जागी ठेवावे, कुत्र्यांपासून दूर ठेवावे आणि मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये.

या निमित्ताने सर्वच वाचकांसाठी लिहितो. रानडुकरीण विण्यापूर्वी कळपातून बाजूला होते, गवत आणि पाला तोंडाने तोडून त्याचा ढीग करते आणि त्याखाली पिल्ले घालते. वरून पाहणाऱ्याला तो कापून टाकलेल्या गवताचा साधा ढिगारा वाटतो. जवळ गेल्यावर मात्र त्याचा मधला भाग श्वासागणिक किंचित हलताना दिसतो. अशा ढिगाऱ्यापाशी विळा चालवताना आधी काठीने जमीन आपटावी. पिल्ले दिसलीच तर त्यांना हात न लावता सर्वांनी तिथून निघून जावे आणि तेवढा तुकडा कापायचा ठेवावा. मादी बहुधा जवळपासच दबून असते आणि माणसांची चाहूल थांबल्यावर परत येते. पिल्ले उचलणाऱ्याच्या अंगावर ती धावून येते तेव्हा तिचा वेग आणि वजन दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. आपले मजूर या खेपेस बचावले, हे त्यांचे नशीब.

पिल्ले माणसाळली आहेत, असे आपण लिहिता. आमच्या मते धोका नेमका तिथेच आहे. अंगावरचे पट्टे चार ते सहा महिन्यांत पुसट होतात आणि त्यानंतर नराचे सुळे वाढू लागतात. खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासले जात असल्यामुळे त्यांना कायम धार राहते, आणि मान झटकून खालून वर मारलेला त्यांचा एक फटका मांडी फाडण्यास पुरेसा असतो. रानातला नर माणसाचा वास येताच वाट बदलतो. बाटलीवर वाढलेल्या नराला ही भीती राहत नाही. तो अंगणात, चुलीपाशी, मुलांच्या ताटापाशी येतो आणि हुसकावले तर उलटतो. असा प्राणी पुढे जंगलात सोडला तरी तो गावाकडेच वळतो.

प्रश्न : परदेशात रानडुकरांचे फार्म असून त्यांच्या मांसाला चांगला भाव मिळतो, असे मी पाहिले आहे. हिंगण्याजवळ आमची चार एकर पडीक जमीन आहे. नर-मादीची जोडी शासनमान्य ठिकाणाहून विकत मिळू शकते का? ती न मिळाल्यास गावठी डुकरिणीचा रानडुकराशी संकर करून चालेल का?
(एक तरुण शेतकरी, हिंगणा)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. आपल्याकडे रानडुकरे विकणारे शासनमान्य ठिकाण नाही, आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेली प्राणिसंग्रहालये व बचाव केंद्रे व्यवसायासाठी कोणाला प्राणी देत नाहीत.

आपण ज्या देशांतले फार्म पाहिले तिथेही हा मोकळा धंदा नाही. ब्रिटनमध्ये रानडुक्कर 1976 च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली येते. ते पाळणाऱ्याला स्थानिक प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो, त्याआधी पशुवैद्यकाकडून जागेची तपासणी होते आणि प्राण्याने कोणाला इजा केल्यास भरपाई देता यावी म्हणून विमा उतरवावा लागतो. एवढे असूनही 1980 च्या दशकात उभ्या राहिलेल्या तिथल्या फार्ममधून डुकरे निसटली. ज्या देशातून रानडुक्कर काही शतकांपूर्वीच नामशेष झाले होते, तिथे ती पुन्हा जंगलात वाढू लागली. डीनच्या जंगलात तर 2004 मध्ये स्टॉन्टन गावाजवळ कोणीतरी फार्ममधली सुमारे 60 डुकरे सोडून दिली, आणि आज तिथल्या वनखात्याला त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी दरवर्षी ती मारावी लागतात. कॅनडाच्या गवताळ प्रांतांत शेतीला जोड म्हणून युरोपातून आणलेल्या डुकरांचेही असेच झाले. मुसंडीने जाळी उचलणारा आणि नाकाने खालची माती उकरणारा हा प्राणी आहे. त्याच्यासाठी जाळीचा पाया जमिनीत खोल गाडावा लागतो, दुहेरी फाटक लागते आणि लोळायला चिखलाचे डबके लागते, कारण घाम गाळून अंग थंड करणे डुकराला जमत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा चार एकर पडीक जमिनीवर हे सारे सांभाळण्याचा खर्च आपण मोजून पाहिला असेल, असे वाटत नाही.

दुसरा प्रश्न संकराचा. गावठी डुक्कर आणि रानडुक्कर मुळात एकाच प्रजातीचे असल्यामुळे त्यांची पिल्ले प्रजननक्षम होतात आणि गावकुसाबाहेर असे संकर आपोआपही घडतात. तरीही ही पळवाट समजू नये. संकरासाठी रानडुक्कर पकडणे किंवा कोंडून ठेवणे हा गुन्हाच आहे आणि आमिष टाकून त्याला कुंपणात आणणे हाही गुन्हाच आहे. याशिवाय रोगाचा प्रश्न आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात प्रथम 2020 मध्ये ईशान्येकडे आढळला. तो माणसाला होत नाही, परंतु डुकरांमध्ये त्यावर उपचार नाही. तो गावठी आणि रानटी डुकरांत एकमेकांकडून पसरतो, आणि एका ठिकाणी निदान झाले की सभोवतालच्या 1 किलोमीटर परिसरातील सगळी पाळीव डुकरे नष्ट केली जातात. म्हणजे आपल्या एका प्रयोगामुळे शेजारच्या वराहपालकाचे शेडही रिकामे होऊ शकते.

वराहपालनच करायचे असेल तर लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा लँड्रेस या जाती घ्याव्यात. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाच्या प्रकल्पाला 50 टक्के भांडवली अनुदान मिळते आणि त्याची कमाल मर्यादा 30 लाख रुपये आहे. त्याचा अर्ज पशुसंवर्धन विभागामार्फत पुढे जातो. प्रकल्पाचा आराखडा करण्यापूर्वी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन तज्ज्ञांशी बोलावे. हॉटेलांतले उरलेले अन्न फुकट मिळते म्हणून न उकळता घालू नये. रोग बहुधा त्याच वाटेने शेडमध्ये शिरतो. पिल्ले सिमेंटच्या फरशीवर वाढणार असतील तर जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास त्यांना लोहाचे इंजेक्शन द्यावे, कारण मातीतून मिळणारे लोह त्यांना तिथे मिळत नाही आणि ती पांढरीफटक पडतात.

प्रश्न : भिवापूर भागात रानडुकरांनी आमचा हरभरा आणि भुईमूग उद्ध्वस्त केला. रात्ररात्र जागलीला बसून थकलो. मारण्याची परवानगी मिळते असे ऐकतो. मग मारण्याऐवजी पकडून कोंडून ठेवली तर त्यात वाईट काय?
(एक शेतकरी, भिवापूर)

उत्तर : आपला संताप रास्त आहे. कलम 11 नुसार उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. परंतु ती परवानगी ज्या अटींवर मिळते त्यापलीकडे काहीही करता येत नाही, आणि प्राणी स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क तिच्यातून निर्माण होत नाही. 2015-16 मध्ये केंद्र शासनाने कलम 62 खाली उत्तराखंड आणि बिहारमधील काही जिल्ह्यांत रानडुकराला ठराविक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केले होते. तेही मारण्यापुरते होते, पाळण्यासाठी नव्हते.

नुकसान दिसताच त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे, उकरलेल्या सऱ्यांची आणि खुरांच्या ठशांची छायाचित्रे काढावीत आणि पंचनामा होईपर्यंत वावर नांगरू नये. पंचनाम्याविना भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही. कार्यालयातले हेलपाटे चुकत नाहीत हे आम्ही जाणतो, तरीही अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. खांबावरून थेट वीज घेऊन तारेत सोडू नये. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' 2017 मध्ये नागभीडजवळ शेताच्या अशाच तारेला चिकटून मेला. अशा तारांना रात्री ओलिताला गेलेली माणसेही बळी पडली आहेत. सौर कुंपणात प्रवाह सलग नसून क्षणभराच्या झटक्यांचा असतो, त्यामुळे प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. त्यासाठी वनविभागाची अनुदान योजना आहे. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरापेक्षा उंच ठेवू नये आणि तिला टेकणारे गवत कापत राहावे, नाहीतर वीज गवतातून जमिनीत उतरते आणि डुकरे खालून सरळ आत येतात.

प्रश्न : आठवडी बाजारात एकाने पट्टेदार पिल्लू 'गावठीच आहे' असे सांगून विकायला आणले होते. घ्यावे का?
(एक वाचक, कामठी)

उत्तर : घेऊ नये. संकरित गावठी पिल्लांवरही कधीकधी पट्टे असतात, त्यामुळे केवळ पट्ट्यांवरून निर्णय होत नाही. लांब निमुळते तोंड आणि न वळणारी सरळ शेपटी ही रानडुकराची लक्षणे असली तरी इतक्या लहान वयात जाणकाराचीही फसगत होते. ते रानडुकराचे निघाल्यास 'मला गावठी म्हणून विकले' हा बचाव आपल्याला चौकशीत सिद्ध करावा लागेल, आणि विकणारा तेव्हा बाजारात सापडणार नाही. रानडुकराचे मांस म्हणून जे चोरून विकले जाते, त्यालाही हेच लागू आहे; ते जवळ बाळगणे गुन्हा आहे आणि अर्धवट शिजल्यास त्यातील जंत माणसाच्या शरीरात जातात.