लष्करातील पुरवठ्याचा अनुभव पुढे कंपनीत चालतो का?

सप्रेम नमस्कार.

आपण साताऱ्याहून लिहिता की, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली कन्या सीडीएसची (सैन्यदलांतील अधिकारी भरतीची) परीक्षा देऊन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या पुरवठा विभागात, जाऊ इच्छिते. मात्र शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीची, 10 वर्षे संपल्यावर ‘रेशन वाटल्याच्या’ अनुभवाला बाहेर कोण विचारणार, ही आपली चिंता आहे.

या संदर्भात अमेरिकी लष्करातील लेफ्टनंट जनरल विल्यम ‘गस’ पॅगोनिस यांची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतचा घास घेतल्यानंतर ते मोजक्या अधिकाऱ्यांनिशी सौदी अरेबियात उतरले आणि पाच लाखांहून अधिक सैनिकांचे अन्न, पाणी, इंधन व दारूगोळा यांचा भार त्यांच्यावर आला. लष्कराची वाहने अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी तिथलेच ट्रक चालकांसकट भाड्याने घेतले. आघाडीवरच्या जवानांना गरम बर्गर मिळावेत म्हणून फिरत्या गाड्याही सुरू केल्या. जमिनीवरील चढाईसाठी दोन कोअर (सैन्याचे मोठे विभाग) वाळवंटातून शेकडो किलोमीटर पश्चिमेला हलवायचे होते, त्यांच्यासाठी साठ्याचे तळ उभारण्याचे कामही त्यांच्याच संघटनेचे होते. हाताखालचा कोणीही आपली अडचण 3 बाय 5 इंची कार्डावर लिहून वर पाठवू शकत असे, आणि रोजची बैठक लांबू नये म्हणून ती उभ्यानेच होई.

1993 मध्ये निवृत्त होताच सिअर्स या मोठ्या किरकोळ विक्री कंपनीने त्यांना मालवाहतूक आणि पुरवठ्याचे प्रमुख नेमले, आणि तिथे ते 2004 पर्यंत होते. कंपनी तेव्हा अडचणीत होती. गोदामातून दुकानापर्यंत माल वेळेवर कसा जाईल, हे जाणणारा माणूस तिला हवा होता. खांद्यावरच्या ताऱ्यांपेक्षा हे कसब तिथे मोलाचे ठरले, असे माझे मत आहे.

अर्थात जनरलचे उदाहरण मेजरला जसेच्या तसे लागू होत नाही. बत्तिशी-तेहतिशीत बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला थेट प्रमुखपद मिळत नाही. मधल्या फळीत सुरुवात करावी लागते आणि पहिली एक-दोन वर्षे हुकमाऐवजी मनधरणीने काम करून घ्यायला शिकण्यात जातात. शिवाय पॅगोनिस यांच्याकडे पेन स्टेट विद्यापीठाची व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी होती, आणि ती त्यांनी निवृत्तीच्या कितीतरी आधी, नोकरीत असतानाच घेतली होती.

म्हणून मुलीला अडवू नये. कमिशन मिळाल्यावर तिने प्रत्येक नेमणुकीत किती माणसे, किती वाहने व किती टन साठा सांभाळला याची गोपनीयतेचे नियम पाळून नोंद ठेवावी, कारण मुलाखतीत नुसते ‘नेतृत्वगुण’ म्हणून भागत नाही. सेवा संपत येताना, निवृत्त होणाऱ्या सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत आयआयएमसारख्या संस्थांत होणाऱ्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठी तिने वेळेत अर्ज करावा. स्थायी कमिशनचा (निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरीचा) मार्गही खुला असल्याने 10 वर्षांनी बाहेर पडायचे की नाही, हे तिला तेव्हा ठरवता येईल. आज मात्र सीडीएसच्या गणिताची चिंता न करता (चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी तो पेपर नसतो) इंग्रजी आणि सामान्य ज्ञानावर भर द्यावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक