डबा घेऊन रोज कुठे जाता?

"ताई, वय ४२. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ११ वर्षं ७ महिने क्वालिटीत होतो. तीन आठवड्यांपूर्वी राजीनामा लिहून घेतला. बेसिक आणि डीए मिळून २६,०००. घराचा हप्ता १९,५००, कर्ज १४ लाख बाकी. पीएफमध्ये ९ लाख आहेत, ते काढून कर्जात भरावेत असं मनात आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो, संध्याकाळी परततो. रात्री झोप नाही. — एक वाचक, भोसरी"

भाऊ, पैशांचं नंतर. आधी डबा.

तुम्ही गप्प आहात, म्हणून घरखर्च अजून पगाराच्या अंदाजाने चाललाय. भिशी, क्लासची फी, सणाची खरेदी, सगळं ठरल्याप्रमाणे. आणि जे दिवस ओळखीच्या लोकांना फोन करण्यात जायचे, ते कुठेतरी वेळ काढण्यात गेले. आज रात्री मुलं झोपली की वहिनींना सांगा. पण हातात कागद असू द्या: खात्यात किती, कंपनीकडून किती येणार, महिना भागवायला कमीत कमी किती लागतं. आकड्यांशिवाय सांगितलंत तर त्यांच्यापर्यंत फक्त भीती पोहोचेल. त्या रागावतील. नोकरी गेली म्हणून कमी, तीन आठवडे अंधारात ठेवलं म्हणून जास्त. ऐकून घ्या.

कागदावरचा पहिला आकडा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरीच्या वर्षांप्रमाणे कंपनी शेवटी एकरकमी देते त्या पैशांचा. राजीनामा दिला म्हणून ती बुडत नाही. सलग ५ वर्षं भरली की हक्क लागू होतो. हिशेब असा: २६,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,०००. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची १२ वर्षं. एकूण १,८०,०००. कंपनीने ११ वर्षं धरली तर १५,००० कमी येतील, तिथे नजर ठेवा. लेखी अर्ज करा, पोच घ्या. देय झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम मिळायला हवी. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या सगळ्या देण्याघेण्याच्या हिशेबाचा, तक्ता हातात येण्याआधी 'काही येणं बाकी नाही' या कागदावर सही करू नका. बहुतेकांचं इथेच फसतं. शिल्लक रजेचे पैसेही त्याच तक्त्यात बघा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आत्ताच मागून घ्या. एचआरमधला माणूस बदलला की फाइल सापडत नाही.

आता पीएफ. कर्जात भरू नका. ९ लाख भरले तरी ५ लाख उरतातच. वर हातातली रोकड संपलेली, आणि पगार नसलेल्या माणसाला बँक नवं कर्ज देत नाही. पैसे तिथेच व्याज खात राहू द्या. अगदी अडलं तर लागेल तेवढेच काढा. पेन्शनचा भाग वेगळा असतो. तुमची १० वर्षं झाली आहेत, त्यामुळे तो एकरकमी मिळत नाही, ५८ व्या वर्षी पेन्शन म्हणून सुरू होतो.

हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. थकबाकी ९० दिवसांवर गेली की कर्ज एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत खात्याकडे झुकलेलं, ठरतं. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचं बोलणं सोपं असतं. कंपनीचा मेडिक्लेम साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन मागच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधी थांबावं लागतं तो काळ) धरला जाईल का, हे याच आठवड्यात विचारा.

नव्या नोकरीकडे वळताना तीच लपवाछपवी बायोडेटात आणू नका. 'आजपर्यंत कार्यरत' असं लिहिलं की पडताळणीत पकडलं जातं, कारण शेवटचा पीएफ भरणा कुठल्या महिन्यात झाला ते पीएफच्या पासबुकात दिसतं. तुम्ही नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पीएफच्या पोर्टलवर टाकली का बघा. नसेल तर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. मुलाखतीत कारण दोन वाक्यांत सांगा, 'लाइन बंद झाली, माणसं कमी केली', आणि लगेच तुमच्या कामाबद्दल बोला. जुन्या कंपनीला नावं ठेवायला लागलात की समोरचा लिहिणं थांबवतो.

क्वालिटीचं काम नोकरीच्या पोर्टलवर शंभर अर्ज टाकून क्वचितच मिळतं. तुमच्याकडे तक्रारी घेऊन यायचे ते ग्राहक कंपन्यांचे एसक्यूए (पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघणारे), ऑडिटर, व्हेंडरकडचे मॅनेजर, यांची ३० नावं लिहा आणि दिवसाला तीन फोन करा. बायोडेटा दोन पानांचा, त्यात आकडे: रिजेक्शन किती पीपीएमवरून (दहा लाख भागांमागे किती खराब) कितीवर आणलं, कुठल्या भागांचं पीपॅप (उत्पादनाआधी ग्राहकाची मंजुरी) केलं, वाहन उद्योगाच्या दर्जा-मानकाच्या, म्हणजे आयएटीएफच्या, किती ऑडिटना सामोरे गेलात. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. दरम्यान इन्स्पेक्शनचं कंत्राटी काम मिळालं तर घ्या, पगार कमी असला तरी. मात्र तीन महिन्यांनंतर काय, ते आधी विचारून ठेवा.

झोपेचं शेवटी लिहिलंत, पण हलकं नाही ते. घरी सांगितल्यावरही आठवडाभरात फरक पडला नाही तर १४४१६ वर फोन करा. टेली मानस, सरकारी सेवा, फुकट, मराठीतही बोलतात.